शनिवारी शटर खाली: म्हापशातल्या एका छापखान्याबद्दल

म्हापशात पत्रिका, पावतीपुस्तकं, देणगी कुपनं, स्मरणिका असलं काही छापून घ्यायचं असेल आणि मजकूर आठवडाभर आधी ठरवण्याची शिस्त तुमच्या मंडळात असेल, तर या छापखान्यात बिनधास्त जा. काम उद्या हवं असेल तर दुसरीकडे जा. शनिवारी तर जाऊच नका, शटर खाली असतं.

नाव लिहीत नाही. मालकांनीच 'आमची जाहिरात नको, आहे तेवढं काम पुरे' असं बजावून ठेवलंय. पण म्हापशात 'शनिवारी बंद असतो तो छापखाना' म्हणून विचारलंत तर कुणीही बोट दाखवेल. काही काळापूर्वीपर्यंत तो इतरांसारखाच होता: सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते एक आणि दुपारी तीन ते सात. आता सोमवार ते शुक्रवार, नऊ ते साडेपाच, मध्ये जेवायला अर्धा तास. आठवड्याचे ४८ तास होते, त्यांचे ४० झाले. पगार कुणाचाही कापलेला नाही. मालक धरून सातजणांचा पसारा आहे, त्यामुळे यात धोरण, समिती, परिपत्रक असलं काही नव्हतं. मालकांनी कामाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला, सगळ्यांना चहाला बसवलं आणि विचारलं.

आमचा गाव अस्नोड्याच्या पलीकडे. मंडळाचं छपाईचं काम वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे. जत्रेची पत्रिका, काल्याच्या वेळच्या नाटकाचं हस्तपत्रक, वर्गणीची पावतीपुस्तकं, चवथीची (गणेश चतुर्थीची) कुपनं, सगळं. त्यामुळे हा छापखाना मी सहा दिवस चालायचा तेव्हाही पाहिलाय आणि आता पाच दिवस चालतो तेव्हाही पाहतोय. खाली लिहितोय ते गिऱ्हाईक म्हणून, आणि थोडं काउंटरच्या आतल्या बाजूने ऐकलेलं.

आधी गिऱ्हाइकांची तक्रार, कारण ती खरी आहे. गोव्यात सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी. मीही त्यातलाच, पणजीला नोकरी. शनिवार हा आम्हा लोकांचा बाहेरची कामं उरकायचा दिवस: स्कूटरचं सर्व्हिसिंग, आईचा चष्मा, छापखाना. छापखान्याने शनिवार काढून घेतला तेव्हा आमच्या कचेरीतला एकजण, ज्याच्या भाचीची लग्नपत्रिका तिथे छापायला होती, भर कचेरीत उसळला. "शेनवारा बंद? मागीर आमी केन्ना वचपाचें?" (मग आम्ही जायचं कधी?) पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी फाईलमधून मान वर न करता विचारलं, "आमकां दोन दीस जाय, तांकां कित्याक नाका?" (आपल्याला दोन दिवस हवेत, त्यांना का नकोत?) त्यावर त्याने पंख्याचा वेग वाढवला आणि विषय बदलला.

दिवस कुठला बंद ठेवायचा यावर म्हणे बराच खल झाला. कामगारांना शुक्रवार हवा होता. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस, त्या दिवशी शहरात शिरणं हेच एक काम असतं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं मिरच्या, चवरीस, मडकी, केळ्यांचे घड घेऊन रस्त्यावर मांडून बसलेली, गाडी लावायला जागा नाही, बसस्टँडपासून सगळीकडे रेटारेटी. पण नेमकी त्याच दिवशी गावोगावची गिऱ्हाइकं छापखान्यात येतात. एका पिशवीत बाजार, दुसऱ्या पिशवीत पावतीपुस्तकं. शुक्रवार सोडला तर निम्मा धंदा सोडल्यासारखं. मग कुणीतरी बुधवार सुचवला. तोही पडला, कारण तुटक सुट्टीत कुणाला गावी जाता येत नाही आणि आठवड्याच्या मध्ये मशीन थंड करायला मशीनवाले मामा तयार होईनात. शेवटी शनिवार.

आता खरा प्रश्न. आठवड्यातले आठ तास गेले आणि काम मात्र तेवढंच बाहेर पडतंय, हे कसं? मला वाटायचं की पाच दिवसांत रेटून करून घेत असतील. मग एकदा आमच्या स्मरणिकेच्या वेळी रजा टाकून दिवसभर तिथे बसलो आणि मालकांनी मला ती वही दाखवली.

ऑफसेटचं मशीन थांबवणं आणि परत चालू करणं हे ट्यूबलाइटचं बटण दाबण्यासारखं नसतं. सकाळी प्लेट चढवायची, शाई सोडायची, पाणी सोडायचं, दोन्हींचा तोल बसेपर्यंत कागद चालवत राहायचं. पाणी जास्त झालं की अक्षर फिकं, कमी पडलं की कोऱ्या जागेवर शाईचा धूसर थर. रंगावर रंग बसवायचा. हे सगळं जमेपर्यंत पन्नास-साठ कागद रद्दीत जातात. संध्याकाळी रोलर आणि ब्लँकेट (कागदावर छाप उमटवणारं रबर) धुवायचे, तो वेगळा अर्धा तास. हे कुठल्याही छापखान्यात रोजचं आहे.

पण गोव्यात आणखी एक गोष्ट होती, दुपार. एक वाजला की शटर अर्धं खाली. मशीन थांबवायचं तर प्लेटला गोंद फिरवून ठेवावा लागतो, नाहीतर ती खराब होते. रोलरवरची शाई दोन तासांत सुकायला लागते, तिच्यावर फवारा मारायचा किंवा सरळ धुऊन टाकायची. तीन वाजता मामा परत आले की सकाळचा सगळा खेळ पुन्हा: पाणी, शाई, रंगाची जुळणी, पुन्हा रद्दी. पावसाळ्यात त्यात भर म्हणजे फीडरवर, मशीन जिथून कागद घेतं तिथे, उघडा पडलेला कागदाचा गठ्ठा. दोन तास आपल्या जून-जुलैच्या हवेत राहिला की कागद कडेने ओल पितो, लाटा येतात, आणि तीननंतरचा पहिला शंभरेक कागद तो पकडणाऱ्या ग्रिपरमध्ये वाकडा शिरतो. चार रंगांच्या कामात हे लगेच दिसतं. देवाच्या फोटोला दोन-दोन कडा येतात.

मालकांचा हिशोब असा. दुपारच्या थांब्यामुळे रोज अर्धा तास जायचा. सहा दिवसांचे तीन तास. शनिवारचं चालू करणं आणि धुणं मिळून एक तास. चार तास इथेच निघाले, शिवाय रद्दी कमी झाली तो फायदा वेगळा. आठातले चार. म्हणजे सुट्टीचा निम्मा दिवस दुपारच्या झोपेतून आलाय. ज्या गावात एक ते तीन फोन केला तर माणूस रागावतो, तिथे हे सोपं नव्हतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

उरलेले चार तास कुठून आले? खुर्चीतून.

डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर लावायचं काम, करणारी मुलगी जिथे बसते, तिच्या शेजारी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची असायची. म्हापशात ज्याने कधी काही छापून घेतलंय तो त्या किंवा तसल्याच खुर्चीवर बसलेला आहे. तिथे बसून "हे जरा वर घे", "गणपती मोठा कर", "नको, होता तसाच बरा होता" असं सांगायचं. लग्नपत्रिका असेल तर तीन पिढ्या मागे उभ्या. आमच्या मंडळाच्या बैठका तर मला वाटतं देवळाच्या मंडपापेक्षा त्या खुर्चीभोवती जास्त झाल्या असतील: अध्यक्षांचं नाव वर की यजमानांचं, 'श्री.' की 'श्रीयुत', देणगीदारांची नावं रकमेने लावायची की वाड्यांप्रमाणे. ती मुलगी बिचारी माउसवर हात ठेवून थांबलेली, आणि पलीकडे मशीनवाले मामा प्लेट येत नाही म्हणून बिडी ओढायला बाहेर.

पाच दिवस सुरू झाले त्या आठवड्यात मालकांनी ती खुर्ची उचलून कागदाच्या गोदामात टाकली. आता तिथे बसता येत नाही. उभं राहून फार वेळ भांडता येत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

त्याबरोबर नियम आले. मजकूर टाइप करून पाठवायचा, युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी लिहितो त्याच अक्षरांत. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो चालणार नाही. वाक्य तोडक्यामोडक्या मराठीत असलं तरी हरकत नाही, पण अक्षरं तुमची. पूर्वी सगळं श्रीलिपी या जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने टाइप व्हायचं आणि 'ऱ्य', 'ऱ्ह', रफार यांत हमखास घोळ व्हायचा. आता मजकूर थेट जातो, त्यामुळे चूक झाली तर ती आपल्याकडूनच आलेली असते आणि वाद मिटतो. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. दोन प्रूफं फुकट, तिसऱ्यापासून प्रत्येकी शंभर रुपये. छापायला टाकण्याआधी मंडळातल्या एकाच माणसाने 'छापा' असं लिहून पाठवायचं, आणि तो एक माणूस कोण हे काम देतानाच वहीत लिहायचं. शंभर रुपये ही काही रक्कम नाही, पण ते मंडळाच्या खर्चात दाखवावे लागतात, आणि सर्वसाधारण सभेत 'तिसरं प्रूफ का?' हा प्रश्न कुणालाच नको असतो. आमच्याकडे नावांच्या क्रमाची भांडणं आता गावातच मिटवून मग मजकूर जातो. हा बदल मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला.

मालकांची मुलगी पुण्यात एका संगणकाच्या कंपनीत आहे. हे खूळ तिनेच डोक्यात घातलं असं ते कौतुकाने आणि थोड्या कुरकुरीने सांगतात. तिने त्यांना ब्रिटनमधल्या प्रयोगाची माहिती पाठवली होती: २०२२ साली ६१ कंपन्या आणि सुमारे २,९०० कामगारांनी सहा महिने पूर्ण पगारात कमी तासांचा आठवडा करून पाहिला, बहुतेक ठिकाणी पाचाचे चार दिवस, आणि त्यातल्या ५६ कंपन्यांनी तो पुढेही चालू ठेवला. यावर मालकांचा प्रश्न, "त्या ६१ मध्ये ऑफसेटवाला किती?" मग तिने मायक्रोसॉफ्टच्या जपानमधल्या कचेरीचं उदाहरण दिलं. तिथे ऑगस्ट २०१९ मध्ये सगळे शुक्रवार सुट्टी दिली, बैठका अर्ध्या तासावर आणल्या, आणि माणशी विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. "आमच्याकडे बैठका कुठे असतात?" असं म्हणता म्हणता त्यांचं लक्ष त्या लाल खुर्चीकडे गेलं म्हणे. हे थोडं रंगवून सांगत असतील, पण मला पटतं.

खरं तर त्यांनी केलं ते सहाचे पाच. परदेशातली चर्चा पाचाचे चार करण्याची आहे. हेन्री फोर्डने आपल्या मोटार कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला १९२६ साली, म्हणजे आपण शंभर वर्षं मागे आहोत. आणि आपल्याकडे रविवारची सुट्टी तरी कुठे सहज मिळाली? मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० रोजी मिळाली, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं भांडल्यावर. गोव्यात रविवार चर्चच्या घंटेबरोबर आला, त्यासाठी मोर्चा काढावा लागला नाही, म्हणून की काय आमच्याकडे कुणी लोखंड्यांचं नाव फारसं काढत नाही. कायद्याचं म्हणाल तर आठवड्याला ४८ तास ही वरची मर्यादा आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या त्यातही तीच. त्यावेळी चार दिवस रोज बारा तास असा एक पर्याय चर्चेत आला होता. छापखान्यात तो विषय निघाला तेव्हा मामांनी बोटांवर गुणाकार केला आणि म्हणाले, हे तर तेच अठ्ठेचाळीस.

काउंटरवर उभं राहून, आठवड्याला ७० तास आणि ९० तास काम करा या सल्ल्यांची टिंगल करणारी गिऱ्हाइकं भरपूर असतात. इन्फोसिसचे नारायण मूर्ती ७० तास म्हणाले ते २०२३ मध्ये आणि लार्सन अँड टुब्रोचे सुब्रह्मण्यन ९० म्हणाले ते २०२५ च्या सुरुवातीला. गंमत म्हणजे हीच गिऱ्हाइकं गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचला मजकूर घेऊन येतात आणि 'शुक्रवारी द्या' म्हणतात.

आता कामाचा दर्जा. आमची स्मरणिका सोळा पानी चार फर्म्यांची (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फर्मा), मुखपृष्ठ चार रंगांत आर्ट कार्डच्या जाड गुळगुळीत कागदावर, आतला मजकूर मॅपलिथोच्या साध्या कागदावर एका रंगात. छपाई ऐन जुलैत झाली. मुखपृष्ठावर देवीचा मुखवटा होता, सोन्याचा, म्हणजे पिवळ्या आणि लाल रंगाची जरा जरी फारकत झाली असती तर ओठांना सावली आली असती. भिंग लावून पाहिलं, ठिपक्यावर ठिपका होता. जाहिरातींची पानं, जिथे बाकीचे छापखाने निष्काळजी असतात, तीही काळी कुळकुळीत. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी छापलेल्या अंकात एका जाहिरातदाराचा दूरध्वनी क्रमांक अर्धा कापला गेला होता, त्याचं ऐकून घ्यायला पुढची दोन वर्षं गेली. इथे कटिंगवाल्या पोराने कापण्याआधी एक प्रत हातात देऊन 'हांगा कापतां' म्हणून पेन्सिलीने रेघ दाखवली. दर्जा पाच दिवसांमुळे वाढला असं मी म्हणणार नाही. घसरला नाही एवढं नक्की, आणि पावसाळ्यातलं रंगाचं काम पूर्वीपेक्षा स्वच्छ येतं.

दर बाजारापेक्षा किंचित वर आहेत. शंभर कार्डांच्या पत्रिकेत जाणवणार नाही, दहा हजार कुपनांत जाणवेल.

माझ्यासारख्या नोकरदाराला साडेपाचला बंद होणाऱ्या दुकानाचा उपयोग काय, असं वाटेल. आमची कचेरी पावणेसहाला सुटते, म्हापशाला पोचेपर्यंत साडेसहा होतात. पण गंमत अशी की आता छापखान्यात जावंच लागत नाही. मजकूर फोनवर, प्रूफ फोनवर, पैसे यूपीआयने. तयार गठ्ठा शेजारच्या चहावाल्याकडे ठेवतात, त्याचं दुकान आठपर्यंत उघडं असतं. चहावाला गठ्ठ्यामागे काही घेत नाही, पण चहा न पिता गठ्ठा उचलला तर बघतो. कागदाचा नमुना हाताने चाचपून पाहायचा असेल, तर मात्र कामाच्या दिवशी वेळ काढून जाण्याला पर्याय नाही, आणि वयस्कर गिऱ्हाइकांना हे सगळं फोनवरचं प्रकरण जमत नाही. मयेहून एक भजनी मंडळवाले आजोबा यायचे, चिठ्ठी घेऊन. त्यांची चिठ्ठी अजूनही घेतात. नियम त्यांच्यापुरता वाकवलाय, तो वाकलेलाच राहावा.

मामांबद्दल लिहायचं राहिलं. ते खोर्लीला राहतात, छापखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. तीसेक वर्षं त्यांचा नेम: एकला घरी, शीत-हुमण, अर्धा तास आडवं, पावणेतीनला उठून चहा, तीनला मशीनवर. पाच दिवसांच्या आठवड्याने त्यांची दुपार घेतली. पहिल्या महिन्यांत ते डबा खाऊन मशीन चालू करायचे आणि फीडरच्या दांड्याला हात टेकून उभ्या उभ्या डोळे मिटायचे. मी स्वतः पाहिलंय. मशीनचा ठेका चालू, मामा झोपलेले. एखादा कागद अडकला की ठेका बदलतो, तो कानाला लागला की डोळे उघडायच्या आत हात बटणावर गेलेला असायचा. मी विचारलं, शनिवारची सुट्टी कशी वाटते? म्हणाले, "म्हाका शेनवार नाका रे, म्हजी दनपार परत दी."

याच्या उलट डीटीपीवाली. ती दोडामार्गहून येते, म्हणजे हद्द ओलांडून. तिला एक ते तीन या दोन तासांचा उपयोग कधीच नव्हता. घरी जाता येत नाही, म्हापशात कुठे टेकायचं, म्हणून ती कागदाच्या गोदामात पुठ्ठा अंथरून पडायची. सातला सुटून बस पकडून घरी पोचायला साडेआठ-नऊ. आता उजेडात घरी जाते, शनिवारी मुलाला शाळेच्या क्रिकेटला नेते, आणि गेल्या खेपेला सांगत होती की तिने शिवणाचा क्लास लावलाय. एकाच निर्णयाचे दोन माणसांवर इतके वेगळे परिणाम. मालकांना मी म्हटलं, मामांना दुपारी एक तास सोडा, ते सहाला जातील. ते म्हणाले, मामा गेले की मशीन थांबलं, आणि मशीन थांबलं की तुमचा शनिवार गेला. हे खरंच आहे. तरी मदतनीस पोरगा आता मशीन शिकतोय, तो तयार झाला की मामांची दुपार परत द्यायची असं कबूल केलंय. बघू.

पण या सगळ्यात माझ्या पाचापैकी एक तारा कापला जातो तो दुसऱ्याच कारणासाठी.

पावतीपुस्तकांचं पिन मारणं, फर्म्यांच्या घड्या घालणं, कुपनांच्या वह्या जुळवणं हे काम छापखान्यात होत नाही. कुचेलीला दोन बायका घरी करतात, नगावर. शेकड्याला इतके, असा दर. छापखान्याच्या सातजणांत या दोघी मोजलेल्या नाहीत. स्मरणिकेच्या वेळी दोन फर्मे मागेपुढे झालेत का ते बघायला मी मालकांच्या पोराबरोबर स्कूटरवर तिथे गेलो. रविवार होता. व्हरांड्यात चटईवर फर्म्यांच्या राशी, एक बाई हाडाच्या पट्टीने घडी दाबत होती, तिची सून पानं जुळवत होती, आणि नातू क्रमांक वाचून दाखवत होता. मी सहज विचारलं, रविवारीही? तिने सांगितलं ते असं: पूर्वी गठ्ठा गुरुवार-शुक्रवारी यायचा आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत घेऊन जायचे. आता छपाई शुक्रवारी साडेपाचला संपते, गठ्ठा सहाला येतो, आणि सोमवारी सकाळी नऊला तयार हवा.

म्हणजे छापखान्याचे शनिवार-रविवार मोकळे झाले ते या व्हरांड्यात येऊन पडले. नगावर काम करणाऱ्या माणसाला 'पगार तोच, दिवस कमी' लागूच होत नाही. त्याचे दिवस कुणी मोजत नाही, नग मोजतात. ब्रिटनपासून जपानपर्यंतच्या त्या सगळ्या गोष्टींत मला ही बाई कुठे दिसली नाही.

मालकांना मी हे सांगितलं. ते गप्प बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने. शेकड्याचा दर वाढवला, आणि सोमवारी नऊऐवजी मंगळवारी दुपारी गठ्ठा उचलायचा असं ठरलं. पण नंतर मी आणखी एकदा कुपनांसाठी गेलो तेव्हा शुक्रवार संध्याकाळचा गठ्ठा तसाच येत होता आणि 'मंगळवार' फक्त घाईचं काम नसेल तेव्हा पाळला जात होता. घाईचं काम कधी नसतं? त्यामुळे तुम्ही काम देताना घडीचं किंवा वह्यांचं काम असेल तर तारीख मागताना सोमवार मागू नका. बुधवार मागा. छापखाना तुम्हाला बुधवार देतो, पैसे तेवढेच घेतो, आणि एका घरचा रविवार वाचतो. आमचं मंडळ आता असंच करतं.

दुसरी गोष्ट, मालक स्वतः. शनिवारी शटर खाली असतं, पण ते बाजूच्या दारातून आत असतात. मरण वार बघून येत नाही, माणूस वारलं की बाराव्याचा निरोप शनिवारीही छापावा लागतो. त्यासाठी आत एक छोटं डिजिटल मशीन आहे, त्यावर ते स्वतः छापून देतात, जादा पैसे न घेता. शिवाय बिलं, जीएसटी, कागदाची मागणी हेही शनिवारीच. बायकोने विचारलं म्हणे, सगळ्यांना सुट्टी आणि तुम्ही? तर म्हणाले, फोन वाजत नाही ना, तीच सुट्टी. ते खरं की बायकोची समजूत घालायला म्हटलेलं, मला ठाऊक नाही, पण तीन वर्षं खोळंबलेले हिशोब आता वेळेवर जातात असं त्यांचे सीए आमच्या ओळखीचे आहेत ते सांगत होते.

चवथीच्या आधीचा महिना हा अपवाद. कुपनं, आरत्यांच्या पुस्तिका, बॅनर, सगळ्या सार्वजनिक मंडळांचं एकाच वेळी. त्या महिन्यात शनिवारी छापखाना चालू असतो आणि शनिवारचा पगार दुप्पट दराने मिळतो. यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मामा येत नाहीत. दुपार गेली ती गेली, शनिवार आता सोडणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय.

पाचपैकी चार तारे. जायचं तर एवढं लक्षात ठेवा: मजकूर युनिकोडमध्ये, 'छापा' म्हणणारा माणूस एकच, शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत गाडी आत घालू नका, आणि यंदा, २०२६ मध्ये, चवथ १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा कुपनांवर क्रमांक घालून, परफोरेशन (फाडायच्या छिद्रांची रेघ) मारून, वह्या करून हव्या असतील तर मजकूर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात द्या. ऑगस्टमध्ये गेलात तर ते काम घेतील, पण तारीख त्यांची असेल.